मुकादमाचा जबाब

"वाईट नव्हता रे तो. भित्रा होता."

पुस्तकात तर्जनी खुणेला ठेवून, पुस्तक मिटून छातीशी धरून मुन्शीचाचा हे वाक्य म्हणायचे आणि खोलीत एक फेरी मारायचे. दारापर्यंत जायचे, बाहेरच्या वाळूकडे बघायचे, परत यायचे. बसून गोष्ट सांगताना मी त्यांना कधी पाहिले नाही. ऐकणारे आम्ही सगळे खाटांवर, पेट्यांवर, जमिनीवर फतकल मारून बसलेले, आणि हा एकटा उंच, काटकुळा माणूस ऑगस्टच्या उकाड्यातही शर्टाचे गळ्याचे बटण लावून येरझारा घालतोय.

हे कतारमधले, एकोणीसशे पन्नासच्या दशकातले. पश्चिम किनाऱ्यालगत तेलाच्या कामावरचा एक कॅम्प होता. लांबलचक बराकी, वर पत्रे, चारी बाजूंना चुनखडीच्या बुटक्या टेकड्या. वारा सुटला की चहात वाळू यायची, आणि वारा पडला की वाळूच बरी होती असे वाटायचे. मी दापोलीकडचा, मॅट्रिक होऊन टायपिंग शिकलेला, विशीत ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागलो. मुन्शीचाचा कुलाबा जिल्ह्यातले, महाडजवळच्या खाडीकाठच्या गावचे. वय पन्नाशीच्या आसपास. काम दुभाष्याचे. लढाईच्या काळात बसऱ्याला लष्करात कारकून होते, तिथे बोलीची अरबी शिकले, आणि किताबातली अरबी घरूनच घेऊन आले होते. त्यामुळे मस्कतचा खलाशी असो की दोहाचा काझी, दोघांशी त्यांच्या त्यांच्या अरबीत बोलायचे. गोऱ्या साहेबांचे मजुरांना आणि मजुरांचे साहेबांना, सगळे त्यांच्या तोंडून जायचे.

तुम्ही म्हणाल, दुभाष्या म्हणजे काय, इकडचे तिकडे करणारा. मीही तसेच समजत होतो. पहिल्याच आठवड्यात वर्कशॉपमध्ये एक प्रसंग पाहिला. गोरा फोरमन एका मजुरावर दोन मिनिटे ओरडत होता. शिव्या अशा, की माझ्यासारख्या मराठी शाळेतल्या इंग्रजीलाही कळाव्यात. मुन्शीचाचांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मजुराला अरबीत चार शब्द सांगितले. मजूर चिडला. त्यानेही हात नाचवत फोरमनच्या बापजाद्यांपर्यंत मजल मारली. मुन्शीचाचा वळून इंग्रजीत म्हणाले, "तो म्हणतो, येस सर."

नंतर मी विचारले, "चाचा, तुम्ही त्याला काय सांगितलंत?"

"साहेब नाराज आहेत, एवढंच."

"आणि बाकीचं?"

"अरे पोरा, भाषांतर म्हणजे गाळणी. कचरा पलीकडे जाऊ द्यायचा नाही."

मला हे फार आवडले होते. गाळणीतून आणखी काय काय अडवता येते याचा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही.

शुक्रवारी सुट्टी. नाश्ता झाल्यापासून जुम्म्याच्या नमाजापर्यंतचा वेळ मोकळा. त्या वेळात मुन्शीचाचा आम्हाला गोष्ट सांगायचे. त्यांच्याजवळ एक इंग्रजी कादंबरी होती. पुठ्ठे गेलेले, पहिली काही पाने गेलेली, त्यामुळे नाव नाही आणि लिहिणाराही माहीत नाही. मुंबईला एका गिरणीत ते दोन वर्षे हजेरी कारकून होते, तेव्हा फूटपाथवर घेतलेली. शंभर वर्षांपूर्वीच्या विलायतेतल्या एका गिरणगावाची गोष्ट. पान डोळ्यांसमोर धरायचे, मनातल्या मनात वाचायचे आणि मग मराठीत सांगायचे. गिरणीमालकाला ते 'शेट' म्हणत, ओव्हरसियरला 'मुकादम'. बर्फ पडला की "मिठागरात मीठ पसरल्यासारखं सगळं सफेद" असे सांगत. ऐकणाऱ्यांत अर्धे कधी शाळेत गेले नव्हते, पण त्या गावच्या गल्ल्या त्यांना पाठ झाल्या होत्या.

आणि त्या गावात एक माणूस धड नव्हता! शेट रविवारी चर्चमध्ये दयेवर बोलायचा आणि सोमवारी गिरणीचे मागचे दार बाहेरून बंद करून घ्यायचा, बायका कामाच्या वेळेत बाहेर पडू नयेत म्हणून. शेटचा मुलगा एका विधवा विणकरणीला पत्रे लिहायचा, आणि बोभाटा झाल्यावर म्हणाला, हे अक्षर माझे नाही. कामगारांचा पुढारी सभेत मुठी आवळायचा आणि मागच्या जिन्याने शेटकडे जाऊन सभेत काय ठरले ते सांगायचा. पाद्री सगळे जाणून होता आणि हवापाण्यावर बोलायचा.

आमच्यात चिपळूणचा एक फिटर होता. हात लोखंडाचे, डोके गरम, आणि अक्षरशत्रू. पत्रे नाकारल्याचे ऐकून तो उठूनच उभा राहिला. "कुठे राहतो हा? पत्ता द्या मला!"

"मेला तो. शंभर वर्षं झाली."

"बरं झालं मेला. हरामखोर!"

तेव्हा मुन्शीचाचा बोट पुस्तकात घालून म्हणाले, "वाईट नव्हता रे तो. भित्रा होता. वाईट माणसं जगात फार थोडी. बाकीचं सगळं काम भित्रेच करतात."

गोष्टीच्या मधल्या भागात गिरणीला आग लागते. मागचे दार बंद असते. चार बायका आत जळून मरतात. दाराची किल्ली मुकादमाच्या खिशात. आता चौकशी होणार आणि मुकादमाची साक्ष होणार, इथपर्यंत गोष्ट आली आणि मला कावीळ झाली. कॅम्पच्या दवाखान्यात पडल्या पडल्या वेळ जाईना, म्हणून मी पुस्तक मागितले. मुन्शीचाचांनी बराच वेळ हातातल्या रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. शेवटी पुस्तक दिले. "वाच. पण शेवट वाचू नकोस. तो मी सांगेन."

मी अर्थातच आधी शेवट वाचला.

मी दवाखान्यातून बाहेर पडलो, पुस्तक परत दिले, पण गोष्ट पुढे सरकेना. दर शुक्रवारी मुन्शीचाचा काहीतरी मागचेच पुन्हा सांगायचे, नाहीतर विलायतेतल्या हवेवर बोलायचे. फिटर कुरकुरायचा. साक्षीचे पान जवळ आले की ते मागे फिरायचे. असे दोन-तीन महिने गेले, आणि वर्कशॉपमागच्या यार्डात अपघात झाला.

मुराद नावाचा ओमानकडचा एक मजूर होता. तिशीचा, हसरा. क्रेनला एक जाड पाइप लटकत होता, वायरचा दोर झिजलेला होता. फोरमनने मुरादला पाइपाखाली लाकडी ओंडका सरकवायला पाठवले. दोर तुटला. मुरादचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

चौकशीसाठी दोहाहून एक साहेब आले. प्रश्न सोपा होता. फोरमनने पाठवले म्हणून मुराद खाली गेला, की फोरमन नको म्हणत असताना आपणहून गेला? पाठवला असेल तर कंपनीने त्याला बसून करण्याजोगे काम देऊन ठेवून घ्यायचे. आपणहून गेला असेल तर जखम भरली की पहिल्या बोटीने घरी. एका पायाचा मजूर त्याच्या गावात काय करणार, हे सगळ्यांना ठाऊक होते.

गुरुवारी दवाखान्यातच मुरादचा जबाब घ्यायचे ठरले. मी वही-पेन्सिल घेऊन व्हरांड्यात उभा होतो. कॅम्पचे मोठे साहेब मुन्शीचाचांना बाजूला घेऊन बोलत होते. आवाज अगदी सौम्य. "माणूस अडाणी आहे, औषधाच्या गुंगीत आहे. त्याचं बोलणं जरा सोपं करून सांग." मग सिगारेट विझवत म्हणाले, "तुझ्या भावाचा अर्ज माझ्या टेबलावर आहे. मी विसरलेलो नाही."

मुन्शीचाचांचा धाकटा भाऊ गावी बसून होता. त्याला इथे आणायचे म्हणून ते वर्षभर खेटे घालत होते.

आत गेलो. चौकशीचे साहेब खुर्चीवर, त्यांच्याशेजारी मोठे साहेब, भिंतीला टेकून फोरमन. मुराद उशांवर अर्धवट बसलेला. त्याच्या अंगावरची चादर एका बाजूला सपाट होती. तिथे कोणी बघत नव्हते.

प्रश्न झाला. मुराद स्पष्ट बोलला. गुंगीबिंगी काही नव्हती. "हू गाल-ली रूह." तो फोरमनकडे बघत पुन्हा म्हणाला, "हू गाल-ली रूह तहत."

त्याने मला सांगितले, खाली जा.

तीन वर्षे मी तिथे होतो. एवढी अरबी मला येत होती. खरे तर बरीच येत होती, मुन्शीचाचांच्या मागे हिंडून हिंडून शिकलो होतो.

मुन्शीचाचांनी छताच्या पंख्याकडे पाहिले. ओठ ओले केले. मग इंग्रजीत म्हणाले, "तो म्हणतो, मी खाली गेलो."

माझी पेन्सिल थांबली. मी त्यांच्याकडे पाहिले. ते पंख्याकडेच बघत होते. चौकशीचे साहेब माझ्याकडे वळले. "घेतलंस?"

मी म्हणालो, "येस सर." आणि लिहिले.

त्याच दुपारी मी जबाब टाइप केला. कार्बन घालून तीन प्रती. एकही चूक झाली नाही.

दुसऱ्या दिवशीच्या शुक्रवारी गोष्ट झाली नाही. मुन्शीचाचांनी डोके दुखत असल्याचे सांगितले. त्या आठवड्यात ते जेवताना बसत नव्हते. ताटली हातात घेऊन मेसच्या दाराशी उभे राहायचे, दोन घास खायचे, ताटली ठेवून निघून जायचे. माझ्याशी बोलायचे, पण कामापुरते. मीही त्यांना टाळत होतो. आम्ही दोघे एकाच वाटेवर समोरासमोर आलो की एकाला तरी काहीतरी विसरल्याचे आठवायचे.

बातमी कळत होती. चौकशीचे साहेब शनिवारी सकाळी कागद घेऊन दोहाला जाणार. मुरादचे नाव पुढच्या बोटीच्या यादीत लागले होते.

पुढच्या शुक्रवारी फिटर ऐकेना. "डोकं दुखो नाहीतर पोट. आज मुकादमाची साक्ष झालीच पाहिजे. तीन महिने त्या बायका जळून पडल्यात!"

मुन्शीचाचांनी पुस्तक आणले. पान उघडले. वाचले. बराच वेळ वाचत राहिले. मग सांगू लागले. कोर्ट भरले आहे. मेलेल्या बायकांचे नवरे, भाऊ मागे उभे आहेत. शेट पहिल्या रांगेत, मांडीवर टोपी. न्यायाधीश मुकादमाला विचारतो, दार उघडे होते की बंद?

मुन्शीचाचा दारापर्यंत गेले. परत आले. पुन्हा गेले.

"आणि मुकादम म्हणाला," ते दारातूनच बोलले, आमच्याकडे पाठ करून, "बंद होतं. किल्ली माझ्या खिशात होती. ही बघा."

खोलीत जल्लोष झाला. फिटरने पत्र्याच्या पेटीवर मुठी आपटल्या. "शाब्बास रे मर्दा! अल्ला तुझं भलं करो!" कोणीतरी शेटचे तोंड कसे झाले असेल त्याची नक्कल केली. सगळे हसले.

मी मात्र बोलून गेलो, "पुस्तकात तसं नाही."

हे मी का बोललो, यावर मी आयुष्यभर विचार केला आहे. तेव्हा मला वाटले, मी खऱ्याची बाजू घेतोय. आज तसे वाटत नाही. आठ दिवस मला नीट झोप नव्हती, आणि माझ्या डोक्यावरचे ओझे दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर द्यायला मी टपलो होतो.

फिटर म्हणाला, "तसं नाही म्हणजे? मग कसं आहे?"

मुन्शीचाचा वळले. माझ्यावर रागावले नाहीत. पुस्तक माझ्यापुढे धरले. "वाच," म्हणाले. "जसंच्या तसं सांग."

मी वाचले आणि सांगितले. मुकादम म्हणाला, दार उघडे होते, बायका घाबरून दुसरीकडे पळाल्या. शेटने त्याला भिंतीवरचे घड्याळ भेट दिले. तो खूप वर्षे जगला. बिछान्यात, मुलाबाळांत मेला. त्याच्या मयताला गिरणी अर्धा दिवस बंद होती. पाद्रीने त्याच्या प्रामाणिकपणावर भाषण केले. संपले.

फिटरचा चेहरा एखाद्याने थोबाडीत मारल्यासारखा झाला होता. शेवटी त्याने मुन्शीचाचांना विचारले, "मग ही गोष्ट लिहिली तरी कशाला?"

मला वाटले आता ते आपले नेहमीचे वाक्य म्हणतील. म्हटले नाही. "नमाजाची वेळ झाली," म्हणाले आणि बाहेर पडले.

नमाज झाल्यावर मशिदीच्या पायरीशी त्यांनी मला गाठले. "वही-पेन्सिल घे. माझ्याबरोबर चल."

"कुठे, चाचा?"

"लिहायचं काम आहे."

चौकशीचे साहेब कॅम्पच्या पाहुण्यांच्या बंगल्यात उतरले होते. जेवण आटोपून सामान बांधत होते. थकलेला, सभ्य माणूस. सुट्टीच्या दिवशी आलो म्हणून त्रासलेही नाहीत. मुन्शीचाचा उभेच राहिले. गळ्याचे बटण लावलेले, हात पाठीमागे.

"साहेब, मुरादच्या जबाबाचं भाषांतर चुकीचं आहे. तो म्हणाला होता, फोरमननं मला खाली जायला सांगितलं. दोनदा म्हणाला."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे तुझी चूक झाली."

"चूक नाही साहेब. मला अरबी येते."

साहेबांनी चष्मा टेबलावर ठेवला. मग हळूच म्हणाले, "तुला हे कोणी करायला सांगितलं?"

मुन्शीचाचा म्हणाले, "बोलणारं तोंड माझं होतं, साहेब."

आता साहेब माझ्याकडे वळले. "तू लिहून घेत होतास. तू इथे किती दिवस आहेस?"

"तीन वर्षं, सर."

"मग तुला कळलं नाही, तो काय म्हणाला?"

मला वाटते, मी हो म्हणणार होतो. निदान आजवर मी स्वतःला तसे सांगत आलो आहे. पण त्याआधीच मुन्शीचाचा बोलले, घाईघाईने, जवळजवळ हसत. "याला? याला कुठली अरबी, साहेब! यल्ला, खलास, शुक्रन. खलास!"

साहेबांनी मान हलवली. मी खाली वहीकडे पाहिले. माझ्यावरची वेळ टळली होती आणि मी ती टळू दिली.

परत येताना वारा सुटला होता. मी म्हणालो, "चाचा, मी जाऊन सांगतो."

"काय सांगतोस? तू तेवीस वर्षांचा. घरी आई एकटी. गप्प बस." थोडे पुढे जाऊन ते थांबले, डोळ्यांतली वाळू रुमालाने पुसली. "दवाखान्यात घाबरून खोटं बोललो. आत्ताचं मुद्दाम बोललो. यात फरक आहे की नाही, ते मला माहीत नाही. तू लिहिता-वाचता आहेस. कधी कळलं तर मला सांग."

मुरादचा जबाब पुन्हा झाला. दुभाष्या दोहाहून आणला. मुरादचे नाव बोटीच्या यादीतून निघाले आणि काठी हातात आल्यावर त्याला गेटवर पहारेकरी म्हणून बसवले. फोरमन काही महिन्यांनी दुसऱ्या देशातल्या कॅम्पवर गेला, बढतीवर, असे ऐकले.

मुन्शीचाचांचे काय करायचे, हा मोठ्या साहेबांपुढे पेच होता. खोटे भाषांतर केले म्हणून काढावे, तर ते का केले हेही कागदावर आले असते. म्हणून एक साधा कागद तयार झाला. या इसमाचे अरबीचे ज्ञान कामास अपुरे आढळल्याने त्याला कमी करण्यात येत आहे. तो कागद मी टाइप केला. आख्ख्या कॅम्पमध्ये ज्याच्याइतकी अरबी कोणाला येत नव्हती, त्या माणसाने माझ्यासमोर त्याखाली सही केली. सही इंग्रजीत केली, मग काय वाटले कोण जाणे, शेजारी अरबीतही केली. अक्षर मोत्यासारखे होते. भावाचा अर्ज त्याच दिवशी केराच्या टोपलीत गेला.

दोहाला जाणाऱ्या ट्रकमध्ये चढताना त्यांनी पुस्तक फिटरच्या हातात दिले. फिटर गोंधळला. "मला कशाला? मला वाचता येत नाही."

"म्हणून तर तुला दिलं. तुला हवा तो शेवट सांगत जा."

सगळे हसले, मीही हसलो. ट्रक हलला. ते ट्रकमध्येही बसले नाहीत. फळीला धरून उभेच होते.

त्यानंतरचा काळ माझा फार चमत्कारिक गेला. मला अरबी येत नाही, हे चौकशीच्या साहेबांच्या अहवालातून आता कंपनीच्या कागदावर होते. ती येत असल्याचे दिसले असते, तर मुन्शीचाचांचे बोलणे खोटे ठरले असते आणि माझे पितळही उघडे पडले असते. म्हणून मी येत नसल्याचे सोंग केले. एक-दोन दिवस नाही, वर्षानुवर्षे! ऑफिसात कोणी अरब आला की कोऱ्या चेहऱ्याने दुभाष्याला हाक मारायचो. दुकानात बोटाने वस्तू दाखवायचो. गेटवर मुराद रोज विचारायचा, "मुन्शीचं पत्र आलं का?" मी खांदे उडवून आत जायचो. पत्रे येत होती, वर्षाला एखाददुसरे. त्यात माझ्या आईची चौकशी असायची आणि मुरादची. तो निरोप मी त्याला कसा देणार?

साठ साल उलटून गेल्यावर एकदा महाडकडचा एक माणूस नव्याने कामावर आला. त्याच्याकडून कळले, मुन्शीचाचा गेल्या रमजानात वारले.

मी ऑफिसातून उठलो आणि भर दुपारी गेटवर गेलो. मुराद सावलीत स्टुलावर बसला होता. मी त्याच्याजवळ वाळूत बसलो आणि अरबीत सांगितले. मुन्शीचाचा गेल्याचे, पत्रांतल्या निरोपांचे, सगळे सांगितले, नीट, व्याकरणासकट. गाड्या ये-जा करत होत्या. कोण बघतेय याची फिकीर राहिली नव्हती.

मुरादने दोन्ही हात वर करून दुवा मागितली. मग डोळे पुसले. मी म्हणालो, "तुला नवल नाही वाटलं? मला बोलता येतं याचं?"

"गेटवर आम्ही गोऱ्यांवर विनोद करतो, तेव्हा तू तोंड फिरवून हसतोस," तो म्हणाला. "इतकी वर्षं हसतोयस."

तो काठीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "त्याच्या घरी जाशील तेव्हा त्याच्या बायकोला एक सांग. दवाखान्यातल्या मलमपट्टीवाल्या ड्रेसरनं सगळं ऐकलं होतं, त्यानंच मला सांगितलं, मुन्शीनं काय केलं ते. आठ दिवस मी त्याला शाप दिले. रोज, पाची नमाजांत. ते आठ दिवस मी परत घेतो. बाकी सगळी दुवा."

त्याच वर्षी मी रजेवर गेलो. तरीतून खाडी ओलांडून त्यांच्या गावी पोहोचलो. छोटे कौलारू घर, पुढे माड. चाची ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी कतारहून आलो म्हटल्यावर त्यांनी सूप बाजूला ठेवले, पण चेहऱ्यावर आनंद दिसला नाही.

"परत आल्यावर फार बोलले नाहीत कधी," त्या म्हणाल्या. "आधी आखाती मुलखातली अरबी पत्रं, कागद, सगळे त्यांच्याकडून वाचून घ्यायचे. इथे रांग असायची. मग गावात कळलं, अरबी येत नव्हती म्हणून काढलं. हळूहळू लोक येईनासे झाले. तोंडावर कोणी काही बोललं नाही. माझा दीर तर आजतागायत म्हणतो, भावानं साहेबाशी भांडून माझी नोकरी घालवली. शेजारीच राहतो. मयताला आला, खांदा दिला, पण घरात पाऊल टाकलं नाही. तुम्ही तरी सांगा, एवढं काय झालं होतं तिथे?"

मी सांगितले. मुरादचा पाय, व्हरांड्यातले बोलणे, दवाखाना, पंखा, नंतरचा बंगला, तो कागद. मुरादचा निरोप जसाच्या तसा सांगितला, शापासकट. मी थांबलो तेव्हा चाचींनी सुपातले खडे वेचून अंगणात टाकले.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि पहिल्यांदाच मला अरेतुरे केले.

"आणि तू काय करत होतास तेव्हा?"

"मी लिहून घेत होतो, चाची."

"तुला कळत होतं?"

"हो. कळत होतं."

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत, की समजूतही घातली नाही. पदर सारखा करून उठल्या, ओट्याच्या कडेशी गेल्या आणि शेजारच्या घराकडे तोंड करून दिराला हाक मारली. दोनदा मारावी लागली. मग मागे न वळता मला म्हणाल्या, "तो आला की पुन्हा सांग. पहिल्यापासून. तुझ्यासकट."

शेजारच्या दारातून एक पिकल्या दाढीचा माणूस हात पुसत बाहेर आला. उंच, काटकुळा. अंगण ओलांडताना जरा अडखळला. ओट्याच्या पायरीशी येऊन तो उभाच राहिला, वर चढेना.

मी उठून उभा राहिलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.